लिफ्टमधलं सर्टिफिकेट

"ताई, मी २७ वर्षांचा आहे. राहतो डोंबिवलीला, नोकरी लोअर परळला. हातात महिन्याला ४१ हजार येतात. आमचे एक सिनियर क्रीड कंपनीचं अव्हेंटस नावाचं परफ्युम वापरतात. ते बाजूने गेले की पाच मिनिटं तिथेच उभं राहावंसं वाटतं. मॉलमध्ये जाऊन विचारलं तर शंभर मिलीची बाटली ३१ हजारांना. हप्त्यावर मिळेल म्हणाले. मित्राने त्याचं आरमाफचं क्लब द नुई इंटेन्स मॅन दिलं, म्हणाला, हेच ते, तीन हजारांत. ते लावून ऑफिसला गेलो तर लिफ्टमध्ये नेमके सरच. म्हणाले, 'अरे वा, अव्हेंटस?' माझ्या तोंडून 'हो सर' निघून गेलं. आता ते रोज विचारतात, कुठून घेतलंस, माझं संपत आलंय. स्टेशनबाहेर एक जण 'ओरिजिनल' अव्हेंटस अठराशेला देतोय. बाबा म्हणतात, महंमद अली रोडवरून अत्तर आण आणि विषय संपव. फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे, त्यामुळे काहीतरी चांगलं घ्यायचंच आहे. हप्त्यावर घेऊ का? आणि सरांना काय सांगू?"
तुमचा एक वाचक, डोंबिवली

अरे बाबा, पत्र वाचून आधी हसले, मग दुसऱ्यांदा नीट वाचलं. पैशांचं, स्टेशनबाहेरच्या माणसाचं, बाबांच्या अत्तराचं सगळं विचारलंयस, पण तुझी झोप उडवलीय ती सरांच्या प्रश्नाने, हे स्पष्ट दिसतंय. तो शेवटी घेऊ.

आधी लिफ्टमध्ये काय झालं ते बघ. तुला वाटतंय, मी खोटं बोललो आणि अडकलो. मला त्यात वेगळंच दिसतंय. रोज अव्हेंटस लावणारा माणूस, बंद लिफ्ट, मध्ये दोन फुटांचं अंतर, आणि त्याने तुझं तीन हजारांचं परफ्युम आपलंच समजून ओळख दाखवली. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानाच्या परफ्युम काउंटरमागे मी बारा वर्षं उभी होते. इतकं चोख सर्टिफिकेट तिथे कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही.

त्या सर्टिफिकेटाला एक बारीकशी तळटीप मात्र आहे. जो वास आपण रोज लावतो तो आपल्याच नाकाला येईनासा होतो. सुकट भाजली की शेजाऱ्यांना आधी कळतं, घरच्यांना नंतर, तसंच हे. तुझ्या सरांचं नाक अव्हेंटसला इतकं सरावलंय की बारीकसारीक फरक त्यांना टिपता येत नसणार. पण मग ज्यांनी आयुष्यात अव्हेंटस लावलंच नाही, अशा ऑफिसातल्या बाकी चाळीस जणांना तो कुठून कळणार?

आता या अव्हेंटसमध्ये एवढं आहे तरी काय? ते २०१० साली आलं. आपलं घराणं १७६० पासूनचं, लंडनचं, असं क्रीड कंपनी सांगते. २०२३ मध्ये गुचीच्या मालकांनी, म्हणजे केरिंगने, ती विकत घेतली. हा इतिहास बाजूला ठेव आणि नुसतं नाक लाव. पहिल्यांदा येतो अननस, पिकलेला, रसाळ, गाडीवर मीठ-मसाला लावून देतात ना तसला, मसाला वगळून. त्याच्या जोडीला सफरचंद, काळ्या मनुकांसारखं एक आंबटगोड फळ आणि लिंबाच्या जातीतलं बर्गमॉट. अर्ध्या तासाने फळं मागे सरतात आणि धूर पुढे येतो. बर्च नावाच्या झाडाचा धूर, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राखेजवळून गेलं की येतो त्याच्या आसपासचा. सगळ्यात शेवटी कस्तुरीसारखं काहीतरी मऊ, किंचित खारट, कातडीला चिकटून राहिलेलं. फळ आणि धूर एकत्र, ही या परफ्युमची खरी करामत. तू पाच मिनिटं उभा राहतोस तो त्या जोडीसाठी.

यातला अननस कुणी फळ पिळून काढलेला नसतो. अननसाचा वास एस्टर जातीच्या रसायनांतून तयार करतात, महागड्या परफ्युममध्येही आणि स्वस्तातही. तो शेवटचा खारटपणा म्हणजे अंबरग्रिसची आठवण. पेपरात 'व्हेलच्या उलटीसह दोघांना अटक' अशी बातमी येते ना, तेच ते. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. आजची परफ्युमं बहुतेक अँब्रॉक्सान नावाच्या रसायनावर चालतात, जे क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीतून काढलेल्या द्रव्यापासून बनवता येतं. तर 'तीस हजारांत व्हेल आहे आणि तीन हजारांत केमिकल' असं कुणी तुला सांगितलं, तर हसून पुढे हो.

तुझं क्लब द नुई इंटेन्स मॅन, थोडक्यात क्लब द नुई, दुबईच्या स्टर्लिंग परफ्युम्सचं, आरमाफ या नावाने विकलं जाणारं. २०१५ मध्ये आलं आणि तेव्हापासून जगभरातले परफ्युमवेडे त्याला गरिबाचं अव्हेंटस म्हणतात. माझं मत विचारशील तर पहिली पंधरा मिनिटं मला ते अजिबात आवडत नाही. उघडल्या उघडल्या कडक लिंबू नाकात शिरतं, भांडी घासायच्या साबणाची आठवण यावी इतकं. अव्हेंटसचा अननस तिथे गुळगुळीत असतो, इथे खरखरीत. पण पंधरा-वीस मिनिटं सोड. लिंबू खाली बसतं, धूर वर येतो, आणि तिथून पुढे दोन्ही इतकी जवळ येतात की मी काउंटरवर असताना डोळे मिटून ओळखायला गेले आणि दोनदा चुकले. टिकायला तर क्लब द नुई काकणभर सरसच. धूर थोडा जास्त, फळ थोडं कमी, एवढाच काय तो फरक.

तू घरून लावून निघालास तेव्हा ते लिंबू डोंबिवलीतच उडून गेलं. लिफ्टपर्यंत पोहोचला तो चांगला भाग. हे तुझ्याही नकळत झालंय, पण पुढेही असंच कर. कुणाला भेटायच्या आधी अर्धा तास लाव, दारात उभं राहून नको.

आता पैशांचं. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव जातं. शंभर मिलीच्या बाटलीत म्हणजे हजारेक फवारे. ३१ हजारांची बाटली असेल तर एक फवारा ३१ रुपयांचा, जवळजवळ दोन वडापाव. दिवसाला चार फवारे धरले तर १२४ रुपये, महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर २७०० च्या पुढे. याच रकमेत क्लब द नुईची १०५ मिलीची बाटली जवळजवळ अख्खी येते, आणि ती वर्षभर जाते. तिचे चार फवारे बारा रुपयांना पडतात, एका कटिंगचे पैसे.

त्यामुळे हप्त्याचा विचार डोक्यातून काढून टाक. फ्रिज हप्त्यावर घे, बहिणीच्या लग्नात काही कमी पडलं तर त्यासाठी हप्ता घे. वास संध्याकाळपर्यंत उडतो आणि हप्ता पाच तारखेला परत येतो. काउंटरवर मी हप्त्यावर बाटल्या विकल्यात, नाही कशाला म्हणू. घेणारा पहिल्या महिन्यात रोज चार फवारे मारायचा, दुसऱ्या महिन्यात दोन, तिसऱ्या महिन्यात 'ताई, ही जपून कशी वापरायची?' म्हणून विचारायला यायचा. जपून लावलेलं परफ्युम कसलं डोंबलाचं परफ्युम!

मग ३१ हजार जातात कुठे? सुगंधी द्रव्यांत थोडे, आयात शुल्कात आणि करात थोडे, आणि उरलेले बाटलीत, जाहिरातीत, संगमरवरी काउंटरमध्ये आणि तिथे उभ्या असलेल्या माझ्यासारखीच्या पगारात. मला त्याबद्दल तक्रार नाही, माझं घर त्यावर चाललं. पण तुझ्या कॉलरला त्यातलं संगमरवर लागत नाही.

नक्कल वापरायची लाज वाटते, असं तू लिहिलेलं नाहीस, पण 'हो सर' त्यातूनच आलंय. म्हणून हे सांगते. कुठल्याही परफ्युममध्ये कुठली द्रव्यं किती आहेत हे प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने बरंचसं उलगडता येतं. मग कुणी दुसरा जवळपास तसंच बनवतो. वासावर मालकी सांगता येते का, यावर कोर्टही एकमताने बोललेलं नाही. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परफ्युमच्या वासाला कॉपीराइट नाही. तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोम कंपनीच्या 'ट्रेझोर' या परफ्युमच्या खटल्यात सांगितलं, असू शकतो. थोडक्यात काय, वासाचं गाणं दुसऱ्याने गायलं तर भांडण होतं; पण नाव, लोगो, खोका उचलला तर भांडण नाही, तो गुन्हा आहे. आरमाफने आपलं नाव लावून आपला माल विकलाय. बनवणाऱ्याला नाव लपवावंसं वाटलं नाही, तर वापरणाऱ्याने का लपवावं?

आणि इथेच स्टेशनबाहेरचा तो अठराशेवाला येतो. त्याच्याकडे आहे ती 'फर्स्ट कॉपी'. तो खोक्यावर 'क्रीड' लिहून विकतो, म्हणजे सरळ सरळ फसवणूक. 'कस्टमचा माल आहे', 'मामा शिपवर असतो', 'ड्युटी फ्रीचा आहे, खोका फक्त दबलाय', ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत की मलाच पाठ झालीत. अरे, तीस हजारांची वस्तू अठराशेला देण्याइतका तुझा तो कोण लागतो?

एकदा एक गृहस्थ माझ्या काउंटरवर तशीच बाटली घेऊन आले. कुठल्याशा बाजारातून घेतलेली, मुलाच्या वाढदिवसासाठी. 'वास जरा वेगळा येतोय, बदलून द्या.' मी बाटली हातात घेतली. झाकण हलकं, प्लॅस्टिकचं, वर चंदेरी मुलामा. फवारा मारला तर तुषार उडण्याऐवजी थेंब ओघळला. खोक्याच्या तळाला एक नंबर, बाटलीच्या तळाला दुसराच. नावात एक अक्षर जास्तीचं होतं, ते मी बोटाने दाखवलं. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं. 'मुलाने मानेवर लावलंय दोन दिवस,' एवढंच म्हणाले. मानेवर लाल पट्टा उठला होता म्हणे. आत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणून म्हणते, अठराशे रुपये देऊन अंगावर पुरळ विकत घेऊ नकोस.

एक सावधगिरी मात्र क्लब द नुईच्या बाबतीतही हवी. चालणाऱ्या मालाची नक्कल होतेच, त्यामुळे या नकलेच्याही नकला निघाल्यात. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं लेबल हवंच, कायद्याने ते लागतं. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळतोय का बघ. बिल घे. बिल द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून कोथिंबीरसुद्धा घेऊ नये.

बाबांचं अत्तराचं म्हणणं उडवून लावू नकोस. पण आधी नीट समजून घे, कारण महंमद अली रोडवर एकाच दुकानात दोन वेगळ्या जातीचा माल असतो आणि दोन्हीला अत्तरच म्हणतात. मिनारा मशिदीच्या आसपास एखाद्या दुकानात शिर. काचेच्या कपाटात ओळीने मोठ्या बाटल्या, प्रत्येकीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी. त्यात 'अव्हेंटस' सापडेल, 'सॉवाज' सापडेल, 'ब्लू' सापडेल. दुकानदार काचेचं बूच उचलतो, त्याची दांडी तुझ्या मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवतो आणि तू काही बोलायच्या आत दुसऱ्या हातावर दुसरं लावतो. मग तिसरं कोपराजवळ. आवडलं की सिरिंजने काढून छोट्या बाटलीत भरून देतो, तीन मिली, सहा मिली, बारा मिली. बारा म्हणजे ढोबळमानाने एक तोळा. हे अव्हेंटसच्या वळणाचं तेल आहे, अल्कोहोल नाही, सहा मिली काही शेकड्यांत मिळतं. अंगाजवळ राहतं, चार पावलांवर जात नाही, पण चिवट असतं. काही दुकानांचं फारच छान, काहींचं नुसतं गोड. दोन-तीन ठिकाणी लावून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. आणि दुकानदाराने आग्रह केला तर चहा घे, तो चांगला असतो.

दुसरी जात म्हणजे ज्याला तुझी आजी अत्तर म्हणाली असती ते. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळून त्यांची वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. हिना, केवडा, मोगरा, वाळा. मातीचं अत्तरसुद्धा असतं, भाजलेल्या मातीचं, जूनच्या पहिल्या सरीचा वास बाटलीत. चंदन महाग झाल्यापासून स्वस्तातलं बरंच 'अत्तर' दुसऱ्याच तेलावर उतरवतात, तेव्हा पन्नास रुपयांत चंदनाची अपेक्षा ठेवू नकोस. याचं आणि अव्हेंटसचं काही नातं नाही, त्याला पर्याय म्हणून घेशील तर निराश होशील. स्वतःचं म्हणून घे.

लहानपणी आमच्या चाळीत हळदीकुंकवाला मी अत्तरदाणीवर असायचे. बायकांनी हात पुढे केला की मनगटावर फाया टेकवायचा आणि गुलाबपाणी शिंपडायचं. एकीलाही 'कुठल्या कंपनीचं?' विचारायचं सुचलं नाही. हात वर करून हुंगायच्या, 'हिना आहे गं' म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. परफ्युमच्या धंद्यात आल्यावर मला ते फार आठवायचं, कारण तिथे लोक आधी बाटली बघायचे आणि मग नाक लावायचे.

तू उलटं कर. मित्र म्हणाला, सर लावतात, ताईने लिहिलं, म्हणून घेऊ नकोस. दुकानात कागदाच्या पट्टीवर मारून घे, पण पट्टीवर निर्णय करू नकोस, पट्टीला घाम येत नाही. मनगटावर एक फवारा, आणि तसाच काही न घेता बाहेर पड. दादरला गाडी पकडताना एकदा हुंग, वरचा थर उडत आलेला असेल. ठाणं गेलं की परत हुंग, तिथे त्याचा खरा स्वभाव दिसतो. घरी जेवायला बसताना तिसऱ्यांदा. जेवताना जे उरलंय ते आवडलं तरच दुसऱ्या दिवशी पैसे काढ. विक्रेते तुला पहिल्या दोन मिनिटांच्या जोरावर विकतात, मीही तसंच विकलंय.

अव्हेंटसच्याच वळणाचं, पण लिंबाचा मारा नको असेल तर मोंब्लांचं एक्सप्लोरर बघ. २०१९ चं आहे. क्लब द नुईपेक्षा महाग, अव्हेंटसच्या मानाने काहीच नाही. गुळगुळीत आहे, जरा सौम्य, ऑफिसला चांगलं. मला विचारशील तर तुझ्या वयाला आणि एसी ऑफिसला ते जास्त शोभेल, पण नाक तुझं.

मुंबईच्या हवेबद्दल दोन शब्द, कारण परफ्युमवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले लोक देतात. इथे उकाड्याने वास झपाट्याने उडतो आणि घामात मिसळून भलतंच काहीतरी होतो. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, बिनवासाचं मॉइश्चरायझर चोळून त्यावर लाव, जास्त धरून राहतं. मनगटं एकमेकांवर घासू नकोस. पांढऱ्या शर्टावर थेट मारू नकोस, डाग पडतात, अत्तराचे तर हमखास. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको, कपाटात कपड्यांच्या मागे ठेव. चार तासांनी 'उडालं वाटतं' असं झालं तर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नकोस, शेजारच्या टेबलावरच्याला विचार. बहुतेक वेळा उडालेलं नसतं.

आणि एक विनंती, तुझ्या फलाटावरच्या सगळ्यांच्या वतीने. सकाळच्या फास्टमध्ये तुझी मान कुणाच्या तरी नाकाखाली असणार, पाऊण तास. घरून एकच फवारा, तोही शर्टाच्या आत छातीवर. पाच मिलीची रिकामी स्प्रे बाटली भरून बॅगेत ठेव आणि बाकीचे दोन ऑफिसला पोहोचल्यावर, तोंड धुऊन मार, पण कुणाला भेटायच्या अर्धा तास आधी. आमच्या डब्यात एक बाई यायच्या, त्या चढल्या की कळव्यापासून सगळ्याजणी दारात. चांगलंच परफ्युम होतं, बहुतेक ओरिजिनल.

बहिणीच्या लग्नाला काय लावायचं? दिवसभर भावाची धावपळ, हॉलवाल्याशी वाद, केटररच्या मागे पळापळ. त्या दिवशी क्लब द नुई सकाळी लाव, ते तग धरेल. संध्याकाळी कपडे बदलशील तेव्हा बाबांनी सांगितलेलं हिना किंवा वाळा कानामागे एक फाया. फेब्रुवारीत रात्रीला जरा गारवा असतो, हिना तेव्हा उमलतं. आणि सहा मिलीची एक बाटली जास्तीची घे, दारात पाहुण्यांच्या हाताला लावायला. हल्ली ते बंद झालंय, तू सुरू कर. ३१ हजारांतले हजारभरही जाणार नाहीत आणि बाबा सगळ्यांना सांगत फिरतील की कल्पना माझी होती.

आता सर.

तू फार मोठं पाप केलेलं नाहीस. लिफ्टमध्ये सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये 'हो सर' निघून जातं, कुणाचंही. पण हे ताणलंस तर वाढेल. आज ते 'कुठून घेतलंस' विचारतायत, उद्या 'माझ्यासाठीही आण' म्हणून पैसे हातात ठेवतील. मग तू काय आणणार? अठराशेवाल्याकडून? त्या क्षणी तुझं छोटं खोटं आणि त्याचं मोठं खोटं एकाच खोक्यात बसतील. त्याआधी मोकळा हो.

मेसेजवर नको, समोर. सगळ्यांसमोरही नको, त्यांना वाटायला नको की 'यांना फरक कळला नाही' हे तू चारचौघांत दाखवतोयस. सर्टिफिकेट मिळालंय म्हणून ते भिंतीवर टांगायचं नसतं. चहाच्या वेळी ते एकटे असताना जा आणि सांग, "सर, त्या दिवशी लिफ्टमध्ये मी हो म्हणून गेलो. ते अव्हेंटस नव्हतं. क्लब द नुई आहे, तेही मित्राचं. तुम्ही विचारल्यावर संकोचलो." एवढंच. स्पष्टीकरण वाढवू नकोस, पगाराचा विषय काढू नकोस. 'पण वास सेमच आहे ना सर' हे तर अजिबात म्हणू नकोस, ते त्यांना म्हणू दे.

माझा अंदाज, ते हसतील आणि पहिला प्रश्न विचारतील, कितीला पडतं? ज्याची बाटली संपत आलीय त्याला हा प्रश्न पडतोच, पगार कितीही असो. म्हणून जाताना ती पाच मिलीची स्प्रे बाटली खिशात ठेव. त्यांच्या एका मनगटावर त्यांचं उरलंसुरलं, दुसऱ्यावर तुझं, आणि पंधरा मिनिटं गप्पा मारा म्हणजे लिंबू उडेल.

आणि हो, मित्राची बाटली एव्हाना बरीच खाली गेली असेल. तुझी नवी आली की त्याला परत देताना तेवढी भरून दे.